हवामानबदलावर गावात बोलायचंय? सुरुवातीला एवढंच सांभाळा

विषय निवडलात हे फार चांगलं केलंत. पहिल्या भाषणासाठी तीनच गोष्टी धरा.

१. खोडून काढायचा गैरसमज आधी सांगू नका. लोकांच्या डोक्यात पहिलं वाक्यच राहतं. आधी तथ्य, मग गैरसमज एकदाच, मग तो का चुकतो ते, आणि शेवटी पुन्हा तथ्य. उदाहरणार्थ, "1972 लाही दुष्काळ पडलाच होता की!" हे हमखास येतं. त्याआधीच सांगून ठेवा: एका वर्षाचा पाऊस म्हणजे हवामान नव्हे, त्यासाठी किमान 30 वर्षांची सरासरी बघतात. दुष्काळ पूर्वीही पडत होते, पण आता सरासरी तापमानच चढतंय.

२. आकडे दोनच द्या. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे 280 होता, आज 420 च्या वर आहे. बस्स.

३. नुसती भीती घातली की लोक कान बंद करतात. प्रत्येक धोक्यासोबत करता येईल असं एक काम सांगा: शेततळं, आच्छादन, उन्हाच्या कामाची बदललेली वेळ.

नवख्यांची मोठी चूक म्हणजे प्रत्येक अवकाळी पावसाचं खापर थेट हवामानबदलावर फोडणं. पुढचा हिवाळा कडक निघाला की तुमचा शब्द पडतो. "अशा घटनांची शक्यता वाढते" एवढंच म्हणा. शंका विचारणाऱ्याला हवामानबदल नाकारणारा ठरवू नका, बहुतेकांना खरंच माहिती हवी असते. तेल कंपन्यांनी हवामानबदलाबद्दल संशय कसा पेरला, हवामानाचा अंदाज बांधणारी संगणकावरची मॉडेलं कशी चालतात, हे सगळं नंतर.