वाशी-नेरुळ परवडत नाही. मग उलवे, करंजाडे, कामोठे की तळोजा?

तुमची नोकरी महाप्याला, मिसेसचं ऑफिस मुंबईत फोर्टला, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत. वाशी-नेरुळचे भाव ऐकून तुम्ही परत फिरलात आणि आता उलवे, करंजाडे, कामोठे, तळोजा यांतलं कुठलं घ्यावं, असं विचारताय. मी कामोठ्यात राहतो, तेव्हा माझा तराजू थोडा तिकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

एजंट तुम्हाला विमानतळ दाखवेल, अटल सेतू दाखवेल. तुम्ही त्याला एकच विचारा: इथं पाणी कुठल्या धरणाचं येतं?

हे विचित्र वाटेल, पण इकडे त्यावरूनच कळतं की आपण नक्की कुठल्या शहरात राहतो. जाहिरातीत सगळंच ‘नवी मुंबई’ असतं. प्रत्यक्षात दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, आणि तिच्या मालकीचं खालापूरकडचं मोरबे धरण. बेलापूरची टेकडी ओलांडून खारघरला आलात की पनवेल महापालिका सुरू. ती 2016 ची (तिथली नगरपालिका मात्र 1852 ची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, सिडकोच्या, पणजोबांच्या वयाची). खारघर, उलवे, द्रोणागिरीकडे पेण तालुक्यातल्या हेटवण्याचं पाणी. जुन्या पनवेलला देहरंग धरणाचं. कळंबोली, नवीन पनवेलला जीवन प्राधिकरणाकडून पाताळगंगेचं. आमच्या कामोठ्याला मोरब्याच्या वाहिनीतून काही वाटा मिळतो. उलवे आणि करंजाडे तर, मी घर शोधत होतो तेव्हा, कुठल्याच महापालिकेत नव्हते. एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. गटार तुंबलं की आधी फोन कुणाला करायचा यावरच सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस जातात.

आमचं घर या शहराबरोबरच सरकत आलंय. वडील जावळी तालुक्यातले, मुंबईत कांदा-बटाटा बाजारात माथाडी. ऐंशीच्या दशकात बाजार खाडीपलीकडे आला, तसे आम्हीही कोपरखैरण्याला आलो. खाडीपूल 1973 पासून होता, पण लोकल वाशीला पोचली ती 1992 मध्ये. तोवर कुणाच्या लग्नाला मुंबईत जायचं तर सकाळपासून तयारी. आई कितीतरी वर्षं म्हणायची, “जंगलात आणून टाकलंत.” आज त्याच गल्लीत बैठ्या घरांवर तीन-तीन मजले चढलेत आणि तिथली एक खोली मला झेपेना. दोन भाऊ, घर एक. मी कामोठ्याला आलो. आता माझा मेहुणा कर्जतकडच्या नेरळला बघतोय.

खरं तर उलटं व्हायचं होतं. 1965 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं होतं की मुंबई उत्तरेकडे नुसती लांबवत नेऊ नका, खाडीपलीकडे दुसरं शहर उभारा आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे हलवा, म्हणजे नोकऱ्या मागोमाग येतील. 1970 मध्ये सिडको आली. 344 चौरस किलोमीटर जागा, 95 गावं. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उठले. तुमच्या मिसेसना पनवेल लोकलमध्ये रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास काढावे लागणार आहेत, त्याचं मूळ इथं आहे. महापे त्या मानाने सुखाचं.

आता जागेचं. गावांच्या जमिनी गेल्या त्या सरळपणे गेल्या नाहीत. जानेवारी 1984 मध्ये उरणकडे जासई-दास्तान फाट्याला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. म्हणजे संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. उलवे, कामोठे, करंजाड्यात तुम्ही ज्या इमारती बघताय, त्यांतल्या बऱ्याच अशाच भूखंडांवरच्या. त्यात वाईट काही नाही, माझीही त्यातलीच. फक्त सिडको, मूळ मालक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करारनामा झालाय का आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात आहे का, ते बघा. ‘ओसी येतेय’ या वाक्यावर माझ्या ओळखीतल्या एकाने टोकन दिलं होतं. तीन वर्षं येतच होती. जमीन बहुधा सिडकोची, भाडेपट्ट्यावर असते, तेव्हा रिसेल घेताना हस्तांतर शुल्क कोण भरणार हे आधीच लिहून घ्या. आणि गावठाणाला चिकटून पंचवीस टक्के स्वस्तात मिळतंय म्हणाले तर थेट बँकेला विचारा, कर्ज देता का. उत्तरातच सगळं कळेल.

उलव्याचे रस्ते आमच्यापेक्षा रुंद, हवा मोकळी, समोर विमानतळ. पण उरण लाइनच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की बामणडोंगरीच्या फलाटावर बसून राहायचं आणि पुढे तुम्हा दोघांनाही नेरुळला गाडी बदलायची. अटल सेतूचं कौतुक ऐकाल, पण कारला एका फेरीचे 250 रुपये (2024 चा दर) आणि टू-व्हीलरला बंदी. नोकरदार माणूस त्यावरून रोज जात नाही. करंजाडे पनवेल स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, पण टँकरचं बघून घ्या. तळोज्याला नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रो आहे. घरं स्वस्त, सिडकोचीही भरपूर. मात्र शेजारी केमिकलची एमआयडीसी आहे, त्यामुळे एक रात्र तिथं कुणाकडे मुक्काम करून मग ठरवा. दुपारी साइट बघून तो वास कळत नाही.

कामोठ्यात काय वाईट? गर्दी, पार्किंगवरून भांडणं, गणपतीत झोप नाही. पण मानसरोवर आणि खांदेश्वर, दोन्ही स्टेशनं हाताशी. खांदेश्वरहून ठाण्याची गाडी पकडलीत की कोपरखैरणेपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, तिथून महापे जवळ. मिसेसनाही सीएसएमटीची थेट गाडी. मुलीच्या शाळा चालत जाता येतील अशा. तुमच्या जागी मी असतो तर इथंच नवीन टॉवरच्या मागे न लागता दहा-बारा वर्षं जुना, ओसीवाला रिसेल घेतला असता.

तळमजला मात्र कुठंही घेऊ नका. हा बराच भाग खाजणावर भराव टाकून केलेला. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव आखले, पण त्यांत गाळ आणि खारफुटी माजलीय. कळंबोलीवाल्यांना 26 जुलै 2005 चा पूर विचारून बघा.

घाई नसेल तर बयाणा मेपर्यंत थांबवा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, एजंटला न सांगता जा. वॉचमनला चहा पाजा आणि विचारा, काल किती टँकर आले. त्याला आकडा पाठ असेल तर पुढची बिल्डिंग बघा.