आधी कुकर लाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "काका, साडेआठला घरी येतो, फ्रीज उघडतो आणि नुसता उभा राहतो." तेव्हा मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र तुझं ते उभं राहणं डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. घरचं का खावं हे तुला सांगत बसत नाही, तुझ्या आईच्या हातचं जेवून मोठा झालायस.

तू पाठवलेला आठवड्याचा तक्ताही पाहिला. सोमवारी पालक पनीर, मंगळवारी छोले, बुधवारी भरली वांगी. अरे, भरली वांगी बुधवारी रात्री साडेआठला? आमच्याकडे रविवारीसुद्धा त्यांच्या वाटेला कुणी सहज जात नाही. छोले भिजवायचे राहिले हे मंगळवारी संध्याकाळी आठवलं असणार. आणि मेथीची जुडी पिशवीतच पिवळी पडली.

तो तक्ता फाड. आल्या आल्या आधी कुकर लाव. काय करायचं ते नंतर ठरव. बूट काढ, हात धू, कुकर लाव. तोवर फ्रीजला हात लावायचा नाही.

खालच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्यात वाटीभर तांदूळ. इंद्रायणी आणलायस, तर पाणी दोन वाट्यांच्या वर नको. आंबेमोहराच्या कुळातलं वाण ते, 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेलं, चिकट होणारच. (निम्मं आयुष्य कृषी खात्यात गेलं, एवढं बोलू दे.) टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही डाळीबरोबर कुकरात घालू नकोस, आंबटाने डाळ दडदडीत राहते. चार शिट्ट्या.

आता वाफ जिरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं तुझी. आता उघड फ्रीज. मेथी दिसली तर दोन मुठी चिरून लसणाच्या फोडणीत परत आणि वर घोटलेलं वरण ओत. काहीच नाही? आमसूल, गूळ, गोडा मसाला, झाली आमटी. तेवढंही होत नाही? वरणात मीठ, भातावर तूप, लिंबू. उरलेलं वरण उद्या पातळ करून उकळ, त्यात लाटलेल्या कणकेचे तुकडे सोड, वरणफळं. उरलेला भात फोडणीचा.

डाळ संपली म्हणून कुकर चुकवायचा नाही. भात लाव आणि पिठलं टाक. वाटीभर बेसन तीन वाट्या थंड पाण्यात आधी कालवून घे. आजी उकळत्या पाण्यात पीठ पेरायची, पण तिचा हात आपल्याला नाही. कांदा-लसणाच्या फोडणीवर ते कालवलेलं ओतलं की ढवळणं सोडू नकोस. घट्ट होऊन रटरटायला लागलं, बुडबुडे फुटून शिंतोडे मनगटावर आले, की झाकण ठेवून गॅस बारीक. कच्च्या पिठाचा वास गेला की उतरव.

हे मला उशिरा समजलं. चौदा वर्षं मी घरी येऊन काकूला एकच विचारत होतो, "आज काय?" तीही नोकरीच करत होती, माझ्यामागून अर्ध्या तासाने पोचायची. म्हणजे अर्धा तास मी पेपर वाचत तिची वाट पाहायचो. कुकर लावायला पाच मिनिटं लागतात.

मग तिच्या आईच्या आजारपणात ती महिनाभर माहेरी गेली. मी आणि धाकटी, पाच दिवस वडापाव, ब्रेड, मिसळ. सहाव्या दिवशी धाकटी म्हणाली, "बाबा, नुसता भात केला तरी चालेल." सात वर्षांची होती. त्या रात्री मी कुकरच्या तळाशी पाणी घालायला विसरलो, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला आणि दहा वाजता भात पातेल्यात शिजवला. पण तेव्हापासून आमच्या घरचा संध्याकाळचा कुकर माझा.

काकू म्हणते, तुमची रोज तीच आमटी, त्यात गूळ जास्त. असेल तीच. रोज होते ना? वेगळं काही हवं तर रविवार आहेच. आणि गूळ जास्त नसतो, डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तिलाच तो जास्त लागतो.

"एकट्यासाठी कशाला एवढं" हे मात्र परत म्हणू नकोस, मला राग येतो. अर्धी वाटी डाळ एकट्याला दोन दिवस पुरते. दोन दिवसांतून एकदा! आधी कुकर लाव, मग मला फोन करून काय ते रड.

वाफ कडेने जाते म्हणालास, ती रिंग सैल झालीय. तात्पुरती दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेव, आवळते. शनिवारी तुळशीबागेकडे गेलास की नवी घे, जुनी बरोबर ने. मी अंदाजाने आणली होती, पाच लिटरच्या कुकरला तीनची. काकूने जपून ठेवलीय ती, आल्यागेल्याला दाखवायला.

तुझा काका