जाऊन काय होणार?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘विमान गेलं, माणूसही वाचला नाही, मग हडनरनं मिळवलं काय?’ हे वाक्य झोंबलं. नौदलात वैमानिक व्हायला निघालेला मुलगा असा हिशेब मांडतो?

४ डिसेंबर १९५०, कोरियन युद्ध, कोरियातला चोसिन जलाशय. जमिनीवरून झालेल्या गोळीबारात जेसी ब्राउनचं कोर्सेअर लढाऊ विमान निकामी झालं. अमेरिकी नौदलाचं वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा हा पहिला कृष्णवर्णीय, वय २४. बर्फाळ डोंगरउतारावर त्यानं विमान पोटावर उतरवलं. तो हात हलवत होता, पण बाहेर येत नव्हता, आणि इंजिनातून धूर निघत होता. टॉम हडनर त्याचा विंगमन, म्हणजे जोडीनं उडणारा साथीदार वैमानिक. तो परवानगी मागत बसला नाही. चाकं बाहेर न काढता आपलं धडधाकट विमान त्यानं मुद्दाम त्याच उतारावर आपटवलं. शत्रूच्या मुलखात! ब्राउनचा पाय आत चेपून अडकला होता. हडनर हातांनी बर्फ उचलून धुमसत्या इंजिनावर टाकत राहिला. हेलिकॉप्टर आलं, पण कुऱ्हाडीनंही पत्रा तुटेना. ब्राउननं पत्नीसाठी, डेझीसाठी निरोप सांगितला. अंधार पडू लागला आणि त्याला तिथेच सोडून निघावं लागलं.

काय मिळवलं? अरे, ब्राउन शुद्धीवर होता तोवर त्याच्या शेजारी कुणीतरी होतं. आधी जायचं. काय होणार, ते नंतर.

मी गेलो नव्हतो. माझा जिवलग मित्र शेवटच्या दुखण्यात होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. ‘आता जाऊन काय होणार?’ हे तुझं नाही, माझंच वाक्य आहे. नोकरी नवी होती, रजा मिळत नव्हती, घरी मूल तापानं फणफणलं होतं. यातलं काहीही खोटं नाही, आजही मी ते शपथेवर सांगेन. पण त्याची बायको नंतर म्हणाली, दाराशी पावलं वाजली की तो मान वळवायचा.

म्हणून चिडलो. जायचं, बाळा. उपयोग मोजत बसू नकोस, जायचं.

एप्रिल १९५१ मध्ये हडनरला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं, डेझी समोर होती. तू पत्रात इथेच थांबलास. पुढचं वाच. २०१३ मध्ये, ८८ व्या वर्षी, ब्राउनचे अवशेष आणायला तो उत्तर कोरियात गेला. पावसानं वाट अडवली, त्या डोंगरापर्यंत त्याला पोचता आलं नाही.