भगरीचा कट्टा, तीन खात्यांची चौकशी आणि न मिळालेले बिल

प्रश्न (थोडक्यात): परभणी जिल्ह्यातील एका गावात माझे किराणा दुकान आहे, अन्न नोंदणीचे प्रमाणपत्र आहे. महाशिवरात्रीला दुपारी भगर आणि भगरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्यावर संध्याकाळपासून गावातील तीस-पस्तीस जणांना उलट्या, चक्कर आणि हातपाय थरथरणे असा त्रास झाला. एका आजींना परभणीला हलवावे लागले. आता सर्व जण घरी आहेत. त्यांतील बरेच जण माझे गिऱ्हाईक आहेत. मोंढ्यातून (धान्यबाजारातून) आणलेल्या कट्ट्यातील, म्हणजे पोत्यातील, भगर मी सुटी विकली आणि थोडी गिरणीत दळून पीठही विकले. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुना घेऊन उरलेला कट्टा सील केला. पोलिसांची नोटीस आली आहे. व्यापारी पक्के बिल देत नाही. तो माल आमचा नव्हेच, असे म्हणतो. गावातील काही मंडळी पैसे देऊन मिटवा म्हणतात. मी काय करावे? दुकान उघडावे का?

उत्तर:

स. न. वि. वि.

आपल्या पत्रात तीन खात्यांची चौकशी एकच असल्यासारखी आली आहे. आधी ती वेगळी करू, कारण प्रत्येक खात्याचा हेतू वेगळा आहे आणि आपले उत्तरही त्यानुसार बदलते.

पहिली चौकशी आरोग्य विभागाची आहे. एकाच दिवशी एकाच गावातून इतके रुग्ण आले की वैद्यकीय अधिकारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवतात आणि एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली शीघ्र प्रतिसाद पथक गावात येते. हे पथक आरोपी शोधत नाही, कारण शोधते. कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला, याची रुग्णनिहाय यादी केली जाते. विहिरीचे आणि नळाचे पाणी तपासले जाते. शौचाचे आणि उलटीचे नमुने घेतले जातात. चौकशी नीट झाली, तर आजारी न पडलेल्यांनाही हेच प्रश्न विचारले जातात, कारण ज्यांनी तो पदार्थ खाल्ला आणि ज्यांनी खाल्ला नाही, त्यांच्यातील आजाराचे प्रमाण ताडून पाहिल्याशिवाय संशय पक्का होत नाही. महाशिवरात्रीला जवळजवळ सगळे गावच भगर खाते. त्यामुळे आपल्या प्रकरणात "भगर खाल्ली का" हा प्रश्न पुरेसा नाही. "कोणत्या दुकानाची, आणि दाणा की पीठ" हे विचारले गेले आहे का, ते महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एकादशीच्या महाप्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले होते. तेव्हापासून तर उपवासाच्या दिवशी विषबाधा म्हटली की मराठवाड्यात बोट आधी भगरीकडेच जाते. ते बरेचदा बरोबर असते, पण ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

या पथकाला सगळे खरे सांगा. विक्रीच्या वहीत उधारीची नावे असतील, तर तीही दाखवा. ज्या घरांनी आपलीच भगर नेली आणि ज्यांना काही झाले नाही, त्यांची नावे त्या यादीत येणे आपल्याच हिताचे आहे. पथकाचा अहवाल पुढे माहितीच्या अधिकाराखाली मागता येईल. रुग्णांची नावे गाळली जातील, आणि तपास चालू असल्याचे कारण देऊन काही काळ नकारही मिळू शकेल, तरीही अर्ज करून ठेवावा.

दुसरी चौकशी अन्न व औषध प्रशासनाची आहे, आणि खरा खटला उभा राहिला तर तो इथून राहील. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 47 नुसार नमुना घेताना आपणास लेखी सूचना द्यावी लागते आणि नमुन्याचे चार भाग करावे लागतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे वरिष्ठ) राहतात आणि चौथा भाग, आपण तशी मागणी केली तर, आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. दोन्ही अहवालांत तफावत आली, तर संदर्भ प्रयोगशाळेचा निष्कर्ष अंतिम ठरतो. ही मागणी आपण केली होती का, हे पत्रात नाही. घाबरलेल्या दुकानदाराकडून "चौथा भाग पाठवायचा नाही" या ओळीखाली सही होऊन जाते, असे नेहमी दिसते. सूचनेची प्रत आजच काढून वाचा. संधी गेली असेल, तरी अन्न विश्लेषकाच्या अहवालाची प्रत हाती पडल्यापासून 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे फॉर्म आठमध्ये अपील करता येते. अहवालासाठी कायद्याने 14 दिवस दिले आहेत; ते पाळले जातातच असे नाही, म्हणून प्रत मिळाल्याच्या तारखेची नोंद ठेवावी.

अहवालात काय तपासले, हे निकालाइतकेच बारकाईने वाचा. दमट जागी राहिलेल्या भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात. चक्कर आणि थरथर ही लक्षणे त्याच दिशेने बोट दाखवतात. विश्लेषकाने केवळ ओलावा, खडे, किडके दाणे एवढेच पाहिले असेल, तर "प्रमाणित" हा शेरा आपल्याला पुरेसे संरक्षण देत नाही आणि "कमी दर्जाचा" या शेऱ्यावरून त्या भगरीनेच लोक आजारी पडले हेही सिद्ध होत नाही. उलट, रुग्णांच्या नमुन्यांत साल्मोनेलासारखे जंतू सापडले, तर कारण पाण्यात किंवा दुसऱ्या पदार्थात शोधावे लागेल. आरोग्य विभागाचा आणि प्रशासनाचा असे दोन्ही अहवाल समोरासमोर ठेवल्याशिवाय बचाव लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बिलाकडे येतो. कलम 26 नुसार विक्रेत्याला माल देणाऱ्याने लेखी हमी द्यावी लागते आणि बिल हीच ती हमी मानली जाते. कलम 27 मध्ये किरकोळ विक्रेता ज्या कारणांनी जबाबदार ठरतो, त्यांत माल कोणाकडून आला हे सांगता न येणे हेही एक कारण आहे. मोंढ्यातील कच्च्या चिठ्ठीचा व्यवहार सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. त्यात कर वाचतो तो व्यापाऱ्याचा आणि अडकतो तो गावचा दुकानदार. तरीही पक्के बिल नसले म्हणून सारे संपले असे नाही. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, टेंपोची बिल्टी, मागणीचा व्हॉट्सॲप संदेश, कच्ची चिठ्ठी, हे सर्व जमवा. पूर्वीच्या खेपेचा रिकामा कट्टा घरात असेल, तर तो झाडून ठेवू नका, आहे तसा बांधून ठेवा. त्याच्या तोंडाच्या शिलाईत अडकलेल्या छापील चिठ्ठीवर गिरणीचे नाव, लॉट क्रमांक आणि 14 अंकी परवाना क्रमांक असतो. सील केलेल्या कट्ट्यावरही तशी चिठ्ठी असेल. तिचा उल्लेख पंचनाम्यात नसेल, तर आजच लेखी कळवा. त्या क्रमांकावरून अधिकाऱ्यांना व्यापाऱ्यापर्यंत आणि पुढे गिरणीपर्यंत जाता येते. सील केलेला कट्टा आपल्याच ताब्यात ठेवला असेल, तर त्याला हात लावू नका. तो कलम 60 खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

आपली खरी अडचण पिठाची आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. कलम 80 मध्ये योग्य दक्षतेचा बचाव आहे, पण दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायचे, तर माल जसा घेतला तसाच विकला, किंवा त्यात झालेल्या बदलामुळे दोष आला नाही, हे दाखवावे लागते. दाण्याबाबत हा बचाव आपल्याला बराचसा मिळतो. पीठ मात्र आपण दळून घेतले. ते कधी दळले, कुठे ठेवले, मागच्या एकादशीचे उरलेले त्यात मिसळले का, हे प्रश्न येणारच. नमुना दाण्याचा घेतला की पिठाचा, हेही आपण लिहिलेले नाही. आजारी पडलेले बहुतेक जण पीठ नेणारे निघाले, तर व्यापाऱ्याकडे बोट दाखवणे अवघड होईल. या प्रश्नांची खरी उत्तरे आपल्या वकिलाला आधी द्या.

कलम 59 नुसार असुरक्षित अन्नामुळे गंभीर नसलेली इजा झाली, तर 1 वर्षापर्यंत कैद आणि 3 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंभीर इजा झाली, तर 6 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. म्हणून परभणीला हलवलेल्या आजींचे उपचाराचे कागद या प्रकरणात निर्णायक ठरू शकतात.

तिसरी चौकशी पोलिसांची आहे. त्यांच्या नोटिशीवर कलम कोणते आहे, ते पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 179 असेल, तर आपणास साक्षीदार म्हणून बोलावले आहे. 35(3) असेल, तर संशयित म्हणून. दोन्ही वेळा ठरल्या तारखेला हजर राहा. 35(3) च्या नोटिशीचे पालन करणाऱ्याला, लेखी कारण नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. पोलिसांपुढील जबाबावर सही द्यावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात, फेब्रुवारी 2024 मध्ये, असुरक्षित अन्नाबाबत कलम 59 लागू होते तेथे भारतीय दंड संहितेची भेसळीची कलमे 272 व 273 चालवता येत नाहीत, असे ठरवले आहे. दंड संहितेऐवजी आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांच्या जागी 274 व 275 आली आहेत. ती लावली गेली, तर हा निकाल दाखवता येईल. विषप्रयोगाचे कलम 123 लावले गेले, तर मात्र सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी तत्काळ अर्ज करावा.

पैसे देऊन मिटवण्याबाबत: औषधपाण्याचा खर्च माणुसकी म्हणून दिला, तर त्याला कायद्याची हरकत नाही, पण "माझ्या भगरीमुळे" असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. गावाने तडजोड केली म्हणून प्रशासनाचा खटला थांबत नाही. अपराधापासून साधारणपणे 1 वर्षात खटला दाखल व्हावा लागतो. अन्न सुरक्षा आयुक्त लेखी कारणे देऊन ही मुदत 3 वर्षांपर्यंत वाढवू शकतात. तोवर कागद जपून ठेवा.

दुकान उघडण्यास अडचण नाही. आपल्यावर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 34 खालील तातडीच्या मनाईचा आदेश बजावल्याचे पत्रात दिसत नाही. सील फक्त भगरीच्या कट्ट्याला आहे. घरी किंवा मागच्या खोलीत त्याच खेपेची आणखी भगर किंवा पीठ असेल, तर ते विकू नका आणि फेकूही नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. गिऱ्हाइकांच्या घरी उरलेले पीठ परत मागवण्याचा फलक दुकानाबाहेर लावावा. सदोष माल परत घेण्याची जबाबदारी कलम 28 ने व्यावसायिकावरच टाकली आहे, आणि पुढे दक्षतेचा मुद्दा निघेल तेव्हा त्या फलकाचा तारखेसह काढलेला फोटो आपल्या कामी येईल.