जामीनदाराचा रकाना आधी वाच

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ब्रिटिश काळातल्या मॅजिस्ट्रेटांच्या दप्तरातले सोबतचे उतारे मिळाले. मोडी तुला इतक्या लवकर साधली याचा फार आनंद झाला. पण प्रकरणांच्या यादीला तू ‘तालुक्यातले गुन्हेगार’ असं नाव दिलं आहेस, ते आधी काढून टाक. त्यातली बरीच माणसं कलम १०७, १०९ आणि ११० खालची आहेत. या कलमांखाली मॅजिस्ट्रेटपुढे उभ्या राहिलेल्या माणसावर त्या प्रकरणात कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नसे.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं आठवं प्रकरण शांतपणे वाच. वकील मंडळी आजही ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ती त्याच प्रकरणाची. १०७ म्हणजे हा माणूस शांतताभंग करील अशी खबर. त्यासाठी एक वर्षापर्यंतचा मुचलका, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी. १०९ उपजीविकेचं साधन दाखवता न येणाऱ्याला किंवा स्वतःची समाधानकारक माहिती न देणाऱ्याला लागे. ११० सराईतांसाठी, आणि त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत. सराईतपणा सिद्ध करायला लोकांत त्याची ख्याती कशी आहे, एवढ्यावरची साक्षही कायद्याने पुरावा म्हणून चाले. म्हणून ११०चं प्रकरण उघडलंस की साक्षीदार कोण आहेत ते पाहा. पाटील, सावकार, शेजारचा जमीनदार अशी नावं दिसली, तर त्यांचा आरोपीशी जमिनीचा किंवा कर्जाचा काही संबंध होता का, ते इतर दप्तरात शोध. माझ्या मते या संहितेतलं हे सगळ्यात निर्दय कलम आहे, कारण ज्याच्या बाजूने गावात कुणी बोलणारं नाही त्याच्यावरच ते पडे.

आता जामीनदाराचा रकाना. मुचलका लिहून देण्याचा हुकूम झाला आणि ठरलेला जामीन मिळाला नाही, तर माणूस तुरुंगात जाई. शांततेच्या मुचलक्यासाठी साधी कैद. ११० खाली सक्तमजुरीसुद्धा. कायद्यात असंही लिहिलं होतं की रक्कम माणसाची परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी. पण जामीनदार लायक नाही म्हणून नाकारण्याचा अधिकारही मॅजिस्ट्रेटच्याच हाती होता. त्यामुळे कैदेचं खरं कारण हुकमाच्या भाषेत सापडत नाही. रक्कम किती, जामीनदार किती आणि कोणत्या दर्जाचे मागितले, कुणी पुढे आलं का, आलेल्याला नाकारलं का, या नोंदींत ते सापडतं. कलम ११२ खालच्या लेखी हुकमात रक्कम, मुदत, जामीनदारांची संख्या आणि दर्जा हे सगळं नमूद करावंच लागे. तो कागद चुकवू नकोस.

टिळकांचं १९१६चं प्रकरण यासाठीच वाच. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरील भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने कलम १०८ खाली, म्हणजे राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाची हमी घेणाऱ्या कलमाखाली, त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले, मुदत एक वर्ष. टिळकांचं वजन एवढं की हायकोर्टापर्यंत जाता आलं, बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि नोव्हेंबर १९१६मध्ये न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच आठव्या प्रकरणाखाली ज्या मजुराला शे-पन्नास रुपयांचा जामीनदार मिळाला नसेल, त्याचं नाव तुझ्या उताऱ्यांखेरीज कुठे येणार आहे? तुझ्या कामाचं मोल मला वाटतं ते इथे.

किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदींकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. समरी, म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या ज्या खटल्यांत अपील नव्हतं, त्यांत साक्षी लिहून घेण्याची किंवा रीतसर आरोपपत्र करण्याची सक्तीच नव्हती. नोंदवहीत तारखा, नावं, आरोप, आरोपीचं म्हणणं, निकाल आणि शिक्षा झाली तर थोडक्यात कारण, बस्स. आणि मुंबई इलाख्यात १८६७च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटीलही शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांसाठी माणसाला चोवीस तासांपर्यंत कोंडून ठेवू शकत असे. त्यातलं फारसं कागदावर उतरलेलं नाही.

हुकमावर मुक्कामाचं गाव लिहिलेलं असेल तर तेही टिपून घे. प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागाचे अधिकारी, फिरतीवर असले की कचेरी तंबूत भरे, आणि फिर्यादी, आरोपी, साक्षीदार यांना त्या मुक्कामावर हजर व्हावं लागे. तारीख पुढे ढकलली तर पुढच्या मुक्कामापर्यंत पायपीट. दंड दोन रुपये असला तरी सुगीतले दिवस बुडाले ते वेगळेच. शिवाय सारा वसूल करणारा मामलेदार तोच, मॅजिस्ट्रेटही तोच. मुंबई राज्यात हे दोन अधिकार वेगळे करणारा कायदा १९५१ साली झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर.

एक मात्र सांगतो. सगळं सरकारने लादलं आणि गावाने सोसलं, असं लिहू नकोस. १०७चा अर्ज कित्येकदा गावातल्याच एका तटाने दुसऱ्याविरुद्ध दिलेला असे, आणि मॅजिस्ट्रेट कधी दोघांनाही बांधून घेई. साधी दुखापत, शिवीगाळ, शेतात घुसणं अशा फिर्यादी पक्षकार आपसात मिटवू शकत. मिटवल्याचा राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, दाखल झाला की खटला संपला, पण भांडण मिटलं की नाही हे त्यावरून कळत नाही. त्याच दोन घराण्यांची नावं पुढच्या वर्षांत पुन्हा येतात का पाहा. लोक कोर्टाला घाबरत होते हे खरं आणि कोर्टाचा वापर करत होते हेही खरं. तुझ्या लिखाणात दोन्ही आलं पाहिजे.

११०चे कागद मामलेदाराच्या दप्तरात मिळाले नाहीत तर निराश होऊ नकोस. तो अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेट, प्रांत किंवा खास अधिकार दिलेल्या पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटलाच होता. आणि मुदत एक वर्षापेक्षा जास्त असून जामीन दिला गेला नसेल, तर प्रकरण सेशन्स जज्जाकडे पाठवावं लागे. आधी सेशन्स कोर्टातली यादी माग, मग तुझ्या यादीचं नवं नाव मला कळव.