हाकॅट पेशींवर पेरॉक्साइडचा निकाल दर वेळी बदलतो. दोष माझ्या हाताचा आहे का?

तुम्ही लिहिलंय की तेवढंच हायड्रोजन पेरॉक्साइड देऊनही हाकॅट पेशी (प्रयोगशाळेत वाढवायच्या मानवी त्वचेच्या पेशी) कधी निम्म्या मरतात, कधी एकही मरत नाही, आणि गाइड म्हणतात तुमचा हात बसलेला नाही. शिवाय टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा ही दाह पेटवणारी संदेशवाहक प्रथिनं दिल्यावर काय दिसायला हवं, हेही विचारलंय.

हाताचं नंतर बघू. आधी मीडियाच्या, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवता त्याच्या, बाटलीवरचं लेबल वाचा.

'हात बसलेला नाही' हे मी नागपुरात दीड वर्ष ऐकलं. माझं काम संत्र्याच्या सालीच्या अर्कावर होतं. कळमन्याच्या बाजारातून संत्री आणायची, साली सावलीत वाळवायच्या, अर्क काढायचा, पेशींना द्यायचा आणि मग ५०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड. डिसेंबरात सगळं सुरेख. नुसत्या पेरॉक्साइडने निम्म्या पेशी जायच्या, अर्क दिलेल्या टिकायच्या. मार्चपासून अर्क न दिलेल्याही टिकायला लागल्या. मी पिपेट बदललं, जुन्या पॅसेजच्या (फार वेळा वाढवून वाटलेल्या) पेशी काढल्या, रविवारीही प्लेट लावली. सरांनी सगळ्यांसमोर दोनच कारणं सांगितली: माझा हात, नाहीतर मे महिन्यात ४५ अंशात बाहेर पडून मेलेलं पेरॉक्साइड. मी ते पातळ करून २४० नॅनोमीटरला ते किती प्रकाश शोषतं ते मोजलं. १० मिलिमोलरला सुमारे ०.४४ यायला हवं, तेवढंच आलं. पेरॉक्साइड शाबूत होतं.

मग दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. मीडियाचं नाव एकच, डीएमईएम. पण नव्या बाटलीत सोडियम पायरुवेट होतं, लिटरला ११० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिमोलर, अर्थात १००० मायक्रोमोलर. पायरुवेट आणि पेरॉक्साइड एकास एक भिडतात आणि अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड, पाणी होतं. त्याला पेशी लागतच नाहीत. हजाराच्या गराड्यात माझे पाचशे संपून जात होते. एकाच प्लेटचे अर्धे कॉलम जुन्या मीडियात लावले, अर्धे नव्या. एमटीटीनंतर (हे रसायन जिवंत पेशींत जांभळं होतं) एक बाजू फिकी, दुसरी गर्द जांभळी. सर बघायला आले नाहीत. "कंपनी बदलली की फरक पडतोच," एवढं म्हणाले. मग दीड वर्ष माझा हात कशाला काढला?

त्याच आठवड्यात पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) अर्क आणि एमटीटी घातलं, तर तेही जांभळं झालं. अर्क स्वतःच तो रंग आणत होता. माझं अर्धं प्रकरण तिथे गेलं आणि ते जायलाच हवं होतं. तेव्हा अर्क आधी द्या, पीबीएसने (क्षारांच्या साध्या द्रावणाने) धुवा, मग पायरुवेट आणि सीरम नसलेल्या मीडियात पेरॉक्साइड द्या. बिनपेशींचा कंट्रोल नसेल तर 'अर्काने पेशी वाचवल्या' हे वाक्य लिहूच नका, गाइडांनी सांगितलं तरी. पेशी मोजूनच टाका, कारण त्यांच्यातलं कॅटालेज हे एन्झाइमही पेरॉक्साइडला फोडतं. दाट वेलमध्ये तोच डोस प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी येतो.

टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमाबद्दल थोडक्यात: दोन्ही मिळून दिले तर आयसीएएम-१ (पेशींना चिकटवणारं प्रथिन) आणि सीएक्ससीएल१० (पांढऱ्या पेशींना बोलावणारं साइटोकाइन) चांगले वाढतात, एकेकट्यापेक्षा जास्त. आधी पेरॉक्साइड देणार असाल तर मेलेल्या पेशींचा हिशेब वेगळा ठेवा. नाहीतर साइटोकाइन कमी झालं की पेशीच कमी उरल्या, हे कळणार नाही.

एक राहिलं. हाकॅट ही १९८८ साली जर्मनीत जाहीर झालेली, आपोआप अमर झालेली लाइन आहे आणि तिच्यातल्या पी५३ या, डीएनए बिघडल्यावर पेशीला थांबवणाऱ्या किंवा मारणाऱ्या, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. त्यामुळे डीएनए तुटून होणाऱ्या मरणाबद्दल तिच्यावरून 'त्वचा अशी वागते' म्हणू नका, ते प्राथमिक केराटिनोसाइटवरही (थेट त्वचेतून काढलेल्या पेशींवर) करून बघा. तिला सरसकट टाकाऊ मात्र मी म्हणणार नाही. कातडीला अ‍ॅलर्जी आणणारी रसायनं ओळखायची ओईसीडीच्या ४४२डी मार्गदर्शिकेतली केराटिनोसेन्स चाचणी याच पेशींपासून केलेल्या लाइनमधल्या एनआरएफ२ वाटेवर (पेशीच्या बचावाच्या यंत्रणेवर) उभी आहे.

आणि हो, पिपेटचं कॅलिब्रेशनही एकदा करून घ्या. हात खरंच चुकू शकतो. माझा चुकला नव्हता, आणि त्या प्लेटचा फोटो अजून माझ्याकडे आहे.