गल्ला कमी भरला, पण चोर कोण?

प्रश्न (किराणा ओळ, इतवारी): गेल्या 200 दिवसांत 10 दिवस गल्ल्यात पैसे कमी भरले. त्यातले 9 दिवस काउंटरवर एकच पोरगा होता. भाऊ म्हणतो, 90 टक्के तोच चोर. काढून टाकू का?

या हिशोबावर तरी काढू नका. तुम्हीच पुढे लिहिलंय की हा मुलगा 200 पैकी 180 दिवस दुकानात असतो. 180 दिवसांत 9 वेळा तूट, म्हणजे 5 टक्के. तो नव्हता त्या 20 दिवसांत एकदा तूट, म्हणजे तीही 5 टक्केच! तो असला काय, नसला काय, तूट तेवढीच येतेय. जो रोज येतो तो वाईट दिवशीही हजर असणारच.

'तूट आली तेव्हा तो होता' आणि 'तो होता तेव्हा तूट आली' या दोन वाक्यांत सशर्त संभाव्यतेची (म्हणजे एक गोष्ट घडली असं धरून दुसरीची शक्यता) अट उलटी होते आणि 90 चे 5 होतात. इंग्लंडमध्ये 1999 साली सॅली क्लार्क या आईला दोन बाळांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. असे दोन मृत्यू नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक, असं कोर्टात सांगितलं गेलं होतं. तो आकडाच चुकीचा काढला होता, शिवाय तो तिच्या निर्दोष असण्याची शक्यता म्हणून ऐकला गेला. 2003 मध्ये शिक्षा रद्द झाली, पण तोवर ती तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती.

अर्थात 20 दिवस फार थोडे, त्यावरून मुलगा निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. तुटीचे 10 दिवस काढून वार, गर्दी, उधारी आणि रोखीत चुकून मांडलेले यूपीआयचे पैसे तपासा. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, एवढी मेहनत घ्याच.

प्रश्न (धरमपेठ): सीताबर्डीत खरेदी करताना बँकेनं कार्ड अडवलं. यंत्रणा 95 टक्के फसवणूक पकडते म्हणे. मग मी भामटा ठरलो का?

नाही. समजुतीसाठी धरा, एक लाख व्यवहारांत 100 खोटे. यंत्रणेनं त्यातले 95 पकडले आणि 99,900 खऱ्यांपैकी एक टक्का, म्हणजे 999, चुकून अडवले. एकूण अडलेले 1,094, त्यात खोटे 95, जेमतेम 9 टक्के. म्हणून बँकेनं आधी विचारावं, हेच बरोबर.

प्रश्न (मानेवाडा, वय 68): सीबीआयमधून बोलतोय म्हणत एकाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला माझा आधार नंबर, पत्ता सगळं ठाऊक होतं. मग तो खराच असेल ना?

काकू, खऱ्या अधिकाऱ्याला नंबर माहीत असू शकतो. भामट्यालाही असतो, कारण अशी माहिती चोरून विकली जाते. दोन्हीकडे सारखंच दिसणारं लक्षण पारडं हलवत नाही. पारडं हलतं ते 'कॅमेरा बंद करू नका, मुलाला सांगू नका, तपासणीसाठी पैसे पाठवा' या वाक्यांनी. हे खरा अधिकारी बोलत नाही, भामटा हमखास बोलतो. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असा प्रकार कायद्यात नाहीच. पुन्हा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे पाठवले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरतात, वाटेत आहेत तोवरच गोठवता येतात.